भुऱ्याचे काका

वानखेडे काका नवख्या माणसांशी थेट बोलत नसत. सांगायचं ते कुत्र्याला सांगत, ज्याने ऐकायचं त्याने ऐकावं. हिंदी मुलखातल्या या महाराजपुरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी मी विरजण मागायला त्यांच्या फाटकाशी उभी राहिले. काका व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले, पायाशी मातकट रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा. माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "भुऱ्या, सरक बाप्पा. नवीन बाई आल्या न. मराठी दिसून राहिल्या. त्यांले वाटते, तू चावतो." भुऱ्या उठला आणि सरकला. मी थक्क झाले. आमच्या घरात माझा नवरा एवढ्याशा सांगण्यावर सरकत नाही.

काकांची सगळी नोकरी संरक्षण कारखान्यात लेथ मशीनवर गेली होती. काकू वर्ध्याकडच्या. त्या गेल्या आणि त्यांच्यामागे घरातलं मराठी गेलं. मुलाला, राजेशला, मराठी समजायचं, पण तो उत्तर हिंदीतून द्यायचा. सून इकडच्याच पाटणची, हिंदी बोलणारी, तिचा प्रश्नच नव्हता. नातवंडं "आजोबा" एवढं म्हणत, पुढचं सगळं हिंदी. काका म्हणत, "घरात मराठी ऐकणारा हा एकटा. काहून का, याले शाळेत नाही टाकलं." हे ते मला ऐकवत, कारण मी शाळेत शिकवते. मला ते मास्तरीण म्हणत.

कुत्र्याला त्यांनी बस-ऊठ असलं काही कधी शिकवलं नाही. "हुकूम कायले द्याचा? मी काय फोरमन आहो? त्याले पुरी गोष्ट सांगाची. पटली तर करते." इंजेक्शनला न्यायचं असलं की डॉक्टर कोण, सुई कुठे टोचणार, परत किती वाजता, सगळं वाटेत सांगत. आणि एक गोष्ट ते फार कडक पाळत. भुऱ्याशी खोटं बोलायचं नाही. एकदा नागपूरला पुतणीच्या लग्नाला गेले तर पंगत सोडून गाडीत बसले, कारण निघताना भुऱ्याला सांगितलं होतं, उद्या संध्याकाळी येतो. राजेश चिडला, नातेवाईक हसले. काका म्हणाले, "माणूस खोटं पचवते. याले नाही पचत."

मग आमच्या कॉलनीत सिनेमावाले आले. एका कुटुंबाचा आणि त्यांच्या खोडकर कुत्र्याचा विनोदी सिनेमा होता. मुंबईहून आणलेला त्यांचा शिकवलेला कुत्रा आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्याच दिवशी आजारी पडला. कुणीतरी भुऱ्या दाखवला. सिनेमात त्याचं नाव पापड. काका कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून त्याला सांगत, "भुऱ्या, हा नवरदेव लय शहाणा समजते स्वतःले. त्याचा फेटा घे न पळ. मारत नाही तो, नाटक आहे." आणि भुऱ्या फेटा घेऊन असा पळायचा की घोडीवरचा नट खरोखर घाबरायचा. सिनेमा चालला, तुफान चालला. शेवटी पाट्या आल्या, त्यात लिहिलं होतं, पापडच्या भूमिकेत पापड. काकांचं नाव कुठेच नव्हतं. मला राग आला. काका म्हणाले, "जाऊ दे न मास्तरीण. काम त्यानं केलं."

दोन वर्षांनी दुसरा भाग निघाला. या वेळी शूटिंग वर डोंगरात, उत्तराखंडात कुठेतरी. कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. गोड बोलणारा, पायाला हात लावणारा. राजेशने तर मिठाई आधीच वाटली होती. आणि आता सांगायचं ते सांगते, लपवून काय उपयोग? माझ्या मुलीला, पूर्वाला, त्या भागात छोटं काम मिळणार होतं. शेजारच्या मुलीचं, दोन वाक्यांचं. पूर्वा तेव्हा बी.ए.ला होती, नाटकात कामं करायची, आरशासमोर ती दोन वाक्यं शंभरदा म्हणायची. पण तो माणूस जाता जाता मला म्हणाला होता, "मैडम, डॉग आएगा तभी ये सीन रहेगा. अंकल को ज़रा समझा दीजिए."

कागद इंग्रजीत. काका तो घेऊन माझ्याकडे आले, भुऱ्या सोबत. "मास्तरीण, बाकी मले काही नोको. मी सोबत जाऊन राहिलो का नाही, तेवढं वाचून सांग."

कागदात स्वच्छ लिहिलं होतं. फक्त प्राणी. त्याच्यासोबत कंपनीचा प्रशिक्षक राहील, मालक नाही. मी ते वाचलं, दोनदा वाचलं. आतल्या खोलीत पूर्वा म्हणत होती तीच दोन वाक्यं. मी म्हटलं, "काका, आधी भुऱ्या जाईल. आठ दिवसांत तुम्हाला बोलावतील."

"लिवलं आहे तसं?"

"हो."

त्यांनी सही केली. माझ्याच पेनाने.

गाडी आली तेव्हा भुऱ्या पिंजऱ्यात जाईना. चौघे ओढत होते. राजेश ओरडला, "बाबूजी, आप ही बोलिए ना इसको." काका त्याच्याजवळ उकिडवे बसले. "भुऱ्या, बस बाप्पा आत. आठ दिवसांनी मी येतो. मास्तरीणनं वाचलं न कागदात." भुऱ्या आत गेला आणि बसला. काका त्या दिवसापासून बॅग भरून बसले. स्वेटर, मफलर, भुऱ्याची वाटी. रोज सकाळी मला विचारत, "फोन आला का त्यांचा?" मी म्हणे, येईल. बोलावल्याशिवाय तिथे आत घेत नाहीत, असं राजेशने त्यांना बजावलं होतं. आठाचे अकरा झाले, पंधरा झाले. मी मागच्या दाराने शाळेत जायला लागले.

मग पूर्वाच्या कामाची तारीख आली आणि तिला घेऊन मी तिकडे गेले. काकांनी स्टेशनवर येऊन माझ्या हातात गुळाची पोळी दिली, भुऱ्यासाठी. "त्याले सांगजो, मी येऊन राहिलो."

भुऱ्या मला ओळखू आला नाही, इतका उतरला होता. त्यांचा प्रशिक्षक शिट्टी वाजवी, इंग्रजीत ओरडे, बिस्किट दाखवी. भुऱ्या भिंतीकडे तोंड करून पडून राही. दिग्दर्शक वैतागला होता. सीन साधाच होता. घरातले सगळे रुसलेल्या पापडला मनवतात, शेजारची मुलगी तिची दोन वाक्यं बोलते, आणि पापड मान वर करून दाराकडे बघतो. बस, एवढंच. सकाळपासून दुपार झाली. शेवटी कुणीतरी म्हणालं, सीन काढून टाकू. पूर्वाचा चेहरा मी पाहिला. आई होते मी तिची. मी कॅमेऱ्याच्या मागे गेले, जिथे काका उभे राहत तिथे, आणि काकांच्याच बोलीत म्हटलं, "भुऱ्या, ऊठ बाप्पा. काका आले न."

भुऱ्या उठला. दाराकडे बघितलं. पडलेला कान जरासा वर झाला, शेपटी हलली, आणि तो दाराकडे बघतच राहिला. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकाने माझा हात हातात घेतला. लोक मला चहा देत होते आणि भुऱ्या त्या दाराशी जाऊन उभा होता. तिथून त्याला उचलून न्यावं लागलं. गुळाची पोळी माझ्या पर्समध्येच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता. कुंपणाखालची माती उकरून निघून गेला होता. कंपनीने तीन दिवस शोधला, मग चौथ्या दिवशी तसाच दिसणारा दुसरा कुत्रा आणला. गरज सरो, वैद्य मरो. काकांना राजेशने सांगितलं की भुऱ्या पळाला. काका एवढंच म्हणाले, "तो पळत नाही. तो कोणाले तरी पाह्यले गेला." मी ते माझ्या व्हरांड्यातून ऐकलं आणि आत गेले.

सिनेमा लागला तेव्हा सगळी कॉलनी एकत्र गेली. काका येणार नाहीत असं वाटलं होतं. आले, इस्त्रीचा सदरा घालून, आणि नेमके माझ्या शेजारी बसले. पडद्यावर तो दुसरा कुत्रा उड्या मारत होता, लोक हसत होते, काका एकदाही हसले नाहीत. मग मध्यंतराच्या थोडं आधी तो सीन आला. खरा भुऱ्या. दाराकडे बघणारा. हॉलमध्ये बायकांनी "हाय, कितना प्यारा" म्हटलं.

दिवे लागले. काका माझ्याकडे वळले. "मास्तरीण, तो मले पाहून राहिला. मी आलो म्हणून कोणं सांगतलं त्याले?"

"मी," मी म्हटलं. आणि एकदा तोंड उघडलं तसं कागदाचंही सांगून टाकलं. आजूबाजूला पॉपकॉर्नच्या पिशव्या फाटत होत्या. मला वाटलं, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पोरीचं काम चांगलं झालं हो तुझ्या," आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ती भरलेली बॅग उचलून ते त्या डोंगराच्या गावी निघून गेले. राजेशने अठरा दिवसांनी त्यांना परत आणलं, तापाने फणफणलेले. तिथल्या चहावाल्याने राजेशला सांगितलं की बुवा रोज शूटिंग झालेल्या घराच्या फाटकाशी उभे राहून मराठीत हाका मारायचे. थंडी छातीत बसली ती उतरलीच नाही. मी दोनदा पेज घेऊन गेले. दोन्ही वेळा सुनेने दारातच डबा घेतला आणि म्हणाली, "बाबूजी सो रहे हैं, दीदी." आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. महिन्याभरात काका गेले.

पूर्वाला पुढे एकही काम मिळालं नाही. ती आता बँकेच्या परीक्षा देते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला. तिसरा भाग निघतोय, कुत्रा नवा आहे, ऐकत नाही. "मैडम, पिछली बार मराठी में आप ही बोली थीं ना? डॉग एकदम उठ गया था. आ जाइए ना, इस बार आपका नाम भी देंगे."

नाही म्हणायला मला दोन दिवस लागले.