आवळलेलं पोट

गर्भपिशवी काढून बारा दिवस झालेल्या शेजारच्या मंदाकाकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. पोट बाळंतिणीसारखं जुन्या लुगड्याने करकचून बांधलेलं.

"फुगलंय जरा. सासूबाई म्हणाल्या, बांधलं की बसतं."

मी त्यांच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला.

"ताप कधीपासून?"

"झाले चार दिवस."

आत पाणी साचतं, त्याचा पू होऊ शकतो, हे घरी सोडताना कुणालाच सांगावंसं वाटलं नाही? बाईचं दुखणं आवळून झाकायचं, एवढं मात्र सगळ्यांना न शिकवता येतं!

"काकू, उठा. दवाखान्यात."

"तू नि तुझी ती घरोघर वाटायची आरोग्याची पत्रकं! दोन भाकरी होऊ देत."

मी चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं आणि त्यावर तांब्या ओतला.