जादा सिलिंडर खाली हाय

सिद्रामप्पा मला आवडला नाही. पहिल्या दिवशी नाही आणि शेवटच्या दिवशीही नाही. हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे आणि गोड लिहायला बसले तर मला खोटं बोलावं लागेल. त्याच्या बाबतीत एकदा खोटं बोलून झालंय, तेवढं पुरे.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. भूल देण्याच्या शास्त्रातली पदविका घेऊन मी पुण्याहून सोलापुरातल्या एका धर्मादाय इस्पितळात रुजू झाले. पहिल्या सकाळी ऑपरेशन थिएटरचं दार ढकललं, तर भुलीच्या यंत्राजवळ पन्नाशीचा एक आडव्या अंगाचा माणूस उभा होता. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात लोखंडी पाना. पान्यानं ऑक्सिजनच्या सिलिंडरवर ठोकायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं, असं त्याचं चाललं होतं.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"ऐकायलोय. गॅस असला की ठप्प बोलतो. नसला की लई घुमतो. माणसावानीच की."

"मग यंत्राला काटा कशाला लावलाय?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यो तुमच्यासाठी, म्याडम."

तो मूळचा अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगचा. इस्पितळात स्ट्रेचर ओढायला लागला होता. एका जुन्या डॉक्टरांनी त्याला टेबलाच्या डोक्याशी उभं केलं आणि म्हणाले, "हनुवटी धर." एवढंच त्याचं प्रशिक्षण. हनुवटी धरता धरता तो नळ्या धुवायला शिकला, यंत्र जोडायला शिकला. ईथरची गळती वासावरून ओळखायचा. मी आल्यावर त्याला काही शिकवायला जावं, तर उत्तर ठरलेलं असायचं, "बुकाला वास येत न्हाय, म्याडम." एकदा मी रोग्याची हनुवटी धरली असताना त्यानं सर्जनसाहेबांच्या देखत माझा हात बाजूला सारला आणि स्वतःची बोटं लावली. सर्जनसाहेब हसले. ते हसू मी पुढे कितीतरी महिने गिळत होते.

त्याची एक गोष्ट मात्र मला तेव्हाही नावं ठेवता आली नाही. रोग्याला भूल चढत असताना तो वाकून कानात काहीतरी बोलायचा. अक्कलकोटकडच्या बाईला कन्नडमध्ये, मागावर काम करणाऱ्याला तेलुगूत, विजापूर वेशीतल्या चाचांना त्यांच्या दखनीत. "झोपताना मानसाला आपल्या भाशेत झोपू द्यावं," म्हणायचा. "जागं झाल्यावर हायेच की तुमची मराठी." चार भाषा येणारा हा माणूस माझ्याशी बोलताना मात्र दोन शब्दांच्या पुढे जात नसे. मीही जात नव्हते. कामापुरतं विचारायचं, त्यानं तोडून उत्तर द्यायचं, असं आमचं वर्षभर चाललं.

यंत्रावरचा दुसऱ्या सिलिंडरचा चाप मोडला होता. त्यामुळे जादा सिलिंडर बाहेर बोळात उभा असे आणि भरलेल्यांचा साठा तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत. त्या दिवशी एका विणकराच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन होतं. हात धुताधुता मी विचारलं, "जादा सिलिंडर?"

"खाली हाय."

"बरं, असू दे. सुरू करू."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, नेहमीचा माज. मग तो वाकला आणि त्या बाईच्या कानात तेलुगूत बोलू लागला.

अर्ध्या तासात काटा झपाझप उतरायला लागला. पोट उघडं होतं. मी ओरडले, "खालचा आणा!"

"खाली हाय म्हन्लं न्हवं मी?"

"म्हणूनच सांगतेय, खालून आणा!"

"अवो, खाली हाय त्यो! खाली!"

हे असं तीनदा झालं. सर्जनसाहेब हात थांबवून आमच्याकडे बघत होते आणि बाईचे ओठ जांभळे व्हायला लागले होते. मग अचानक सिद्रामप्पाचा चेहरा बदलला. पाना घेऊन तो जिन्याकडे धावला. मी नळी यंत्रापासून सोडवली आणि हातानं दाबायच्या पिशवीनं साधी हवा देत राहिले. खालून आवाज येत होता. ठण्ण. ठण्ण. पुन्हा ठण्ण. भरलेले आणि वापरलेले कुणीतरी एकत्र करून ठेवले होते. मग एकदाचा ठप्प आवाज आला. पन्नाशीचा तो माणूस सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढून आला, चाप लावला आणि भिंतीला टेकून खाली बसला. बाई जगली.

दुपारी मी तक्रार लिहायला बसले. 'जादा सिलिंडर रिकामा असल्याची सूचना अटेंडंटने दिली नाही.' मल्लम्मा सिस्टर चहा घेऊन आल्या, त्यांनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "म्याडम, त्येनं सांगितलं न्हवं? खाली म्हनला की. आमच्यात खाली म्हंजे रिकामं. तुमाला जिन्याखाली वाटलं काय?"

 मी 'असू दे' म्हणाले होते. म्हणजे त्याच्या लेखी, जादा सिलिंडर रिकामा असला तरी चालेल, असा मी हुकूम दिला होता आणि त्यानं तो मुकाट्यानं पाळला होता. का पाळला? उलट विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर माझ्याशी चार शब्द बोलावे लागले असते, म्हणून. आमच्या दोघांच्या अबोल्यात ती बाई मरणार होती.

तरीही मी कागद फाडला नाही. अधीक्षकांनी समोर बसवून विचारलं, "त्यानं तुम्हाला सांगितलं होतं?" मी म्हणाले, "नाही." सिद्रामप्पा शेजारीच उभा होता. "मी सांगितलं हुतं," एवढंच तो म्हणाला. काय सांगितलं, कसं सांगितलं, काही नाही. आठवड्याभरात त्याची बदली लाँड्रीत झाली. मला रीतसर शिकवता येतील असे दोन मॅट्रिक झालेले तंत्रज्ञ मिळाले. मला हवं होतं तसंच सगळं झालं.

दोन वर्षं मी लाँड्रीच्या वाटेनं गेले नाही. तो निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा गेले. तो वाफेत उभा राहून हिरव्या चादरींच्या घड्या घालत होता. मी म्हणाले, "सिद्रामप्पा, तेव्हा माझं चुकलं. मला तुमचा शब्द कळला नव्हता."

त्यानं घडी पुरी केली. "कळला न्हाय, त्येचं काय न्हाय. तुमी लांबच्या. परत इचारलं न्हाय, त्येचा बी राग गेला, मी बी परत सांगितलं न्हाय. पर साहेबाम्होरं कळला हुता न्हवं? तवा 'न्हाय' का म्हन्ला?"

 "माफ करा," मी म्हणाले.

"न्हाय," तो म्हणाला आणि पुढची चादर उचलली.

परवा वळसंगहून तो गेल्याची बातमी आली. मी गेले नाही. त्यानं मला दारात उभं केलं नसतं, आणि बरोबर केलं असतं.

भुलीच्या कामाला मदतनीस तयार करायचा वर्ग मी अजून घेते. पहिल्या तासाला यंत्राला हात लावू देत नाही. फळ्यावर 'खाली' एवढाच शब्द लिहिते आणि न बोलता अर्थ दाखवा म्हणते. अर्धा वर्ग जमिनीकडे बोट करतो. अक्कलकोट, वळसंगकडचे रिकामे तळवे दाखवतात. मग सगळे एकमेकांकडे बघून हसतात. मी सांगते की थिएटरच्या दाराच्या आत हा शब्द बंद, आणि उत्तर कळलं असं वाटलं तरी परत विचारायचं, समोरचा कितीही नावडता असला तरी.

कुणीतरी विचारतंच, "म्याडम, हे तुमाला कुनी शिकवलं?"

मी त्याचं नाव सांगते. मग त्या दिवशी अधीक्षकांसमोर मी काय म्हणाले होते, तेही सांगते. वर्गातलं हसू थांबतं.

मग मी विचारणाऱ्याच्या हातात पाना देते.