सीताफळांवरची धूळ

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा सासूबाईंनी आधी शेत दाखवलं नाही, डोंगर दाखवला. बीडजवळच्या पाली गावाच्या पुढं, आमच्या रानाला लागूनच तो उभा होता, सीताफळांनी भरलेला. ती झाडं कुणी लावली नव्हती, त्यांना कुणी पाणी घातलं नव्हतं. दसऱ्याच्या सुमाराला मी आणि जाऊबाई सकाळीच वर जायचो, डोळे उघडलेली, पिकायला आलेली फळं तोडायचो आणि बीडच्या एका फळवाल्या चाचांकडं टोपल्या पोचवायचो.

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि गावच्या पुढाऱ्यानं डोंगराच्या पायथ्याला खडी क्रशर टाकलं. दिवसभर सुरुंग उडायचे, टिपर धावायचे. पांढरी धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाकरीच्या पिठावर बसायची. ऐन बहरात सीताफळाची फुलंही तिनं माखली. लोकांनी ओरड केली तर धुळीवर पाणी मारायचं ठरलं, आणि त्यासाठी बोअर घेतलं ते आमच्या बांधाशेजारी. उन्हाळ्यातही न आटणारी आमची विहीर त्या वर्षी तळाला गेली. आमच्या तोंडचं पाणी त्यांच्या खडीवर चाललं होतं.

त्या दसऱ्याला जेमतेम एक टोपली भरली. चाचांनी एक फळ दाबून पाहिलं, फोडलं. आत गर नव्हताच, सगळं काळं आणि टणक.

"भाभी, माफ करा," ते खाली बघत म्हणाले, "हा माल मी गिऱ्हाइकाला कसा देऊ?"

गावात बसमधून उतरले ती टोपली घेऊन तडक पुढाऱ्याच्या दारात गेले. जाऊबाई मागून नको नको म्हणत होत्या. ओसरीवर चार माणसं चहा पीत बसली होती. मी टोपली त्याच्यापुढं उपडी केली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हसून माझ्यासाठी आतून पाणी मागवलं आणि म्हणाला, "वहिनी, रस्ता होऊ द्या. तुमचा माल लगेच बीडला जाईल."

"कोणता माल?" मी म्हणाले. "झाडं ठेवलीत का तुमी?"

बसलेल्या माणसांनी चहा तेवढा संपवला.

घरी आले तर नवरा भडकलेला. आमचा ट्रॅक्टर त्याच क्रशरवर लागला होता.

"कशाला गेलतीस तिथं? उद्या काम बंद केलं तर?"

"होऊ द्या बंद," मी म्हणाले. पण त्यानं ट्रॅक्टर तिथून काढून घेतला नाही. डोंगर खाणाऱ्यांत आमचंही एक तोंड होतं, याचा राग मला पुढाऱ्याच्या रागापेक्षा जास्त येतो.

आता रस्ता झालाय, चांगला गुळगुळीत. अर्धा डोंगर संपल्यावर क्रशर दुसऱ्या गावाकडं गेलं. परवा आठवडी बाजारात त्या गावच्या बाया सीताफळं घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हटलं सगळ्या जणी मिळून आत्ताच क्रशर अडवायला जा, पुढच्या बहराची वाट बघू नका. एक जण म्हणाली, घरच्यांना विचारून बघते. माझं डोकं असं फिरलं, की बाजार न करताच मी घरी आले.