वनिताबाईंचा पॉज

‘कट’ म्हटल्यावर सायली मॅडम मॉनिटरसमोरून उठल्याच नाहीत आणि सेटवर कोणी चहाही मागितला नाही. असं झालं की समजायचं, कोणाची तरी गच्छंती आहे.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. पिक्चरमध्ये तुम्हाला जे ऐकू येतं ते टिपून ठेवणारा माणूस. चंद्रपूरला वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, कान तिथेच तयार झाले. शूटिंग राजुऱ्याजवळच्या एका खेड्यात होतं. जवळून कोळशाचे ट्रक जायचे, त्यामुळे माझा निम्मा दिवस ‘थांबा, ट्रक जाऊ द्या’ म्हणण्यात जायचा.

पिक्चर एका बाईचा. तिने गावात खून होताना पाहिलाय. साक्ष द्यावी की गप्प बसावं, या दडपणाखाली ती हळूहळू पिचत जाते. मारामारी नाही, गाणं नाही, सगळी मदार बाईच्या चेहऱ्यावर. या भूमिकेसाठी दिग्दर्शक सायली मॅडमनी वडशाच्या वनिताबाईंना घेतलं होतं. बाई झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या नाटकांतल्या. निवडीच्या वेळी घेतलेल्या टेस्टमध्ये बाई प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबल्या होत्या, नजर कुठेतरी लागलेली, जणू आतून काही ऐकतायत. मॅडम त्या थांबण्यावर फिदा होत्या. त्याला त्या ‘पॉज’ म्हणायच्या.

सेटवर आल्यापासून तो पॉजच गायब झाला होता. बाई पाढे म्हटल्यासारख्या धडाधड बोलायच्या. मॅडमनी प्रसंग समजावला, डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. बाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुन्हा पाढे म्हटले.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. ‘‘शकीलभाई, निर्मात्यांनी मुंबईची एक मुलगी तयार ठेवलीये. जेवणानंतर मला त्यांना हो म्हणून कळवायचंय.’’

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. वडशाच्या नाटक कंपन्यांची पात्रं सीझनच्या आधीच ठरतात. पिक्चरसाठी बाईंनी यंदाचा सीझन सोडला होता. आता परत गेल्या असत्या तर कुठल्याच कंपनीत जागा नव्हती. अख्खा हिवाळा घरी बसून लोकांचे टोमणे ऐकायचे, एवढंच उरलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमकडून टेस्टचा व्हिडिओ मागून घेतला. अभिनयातलं मला ओ की ठो कळत नाही. म्हटलं, आवाजात काही फरक आहे का ते तरी बघू. हेडफोन लावला. पंख्याची घरघर होती, ती कमी केली आणि खाली दुसराच आवाज सापडला. पुरुषाचा, कुजबुजता. बाईंचं प्रत्येक वाक्य त्यांच्या आधी कोणीतरी म्हणत होतं.

वनिताबाई मागच्या अंगणात नवऱ्यासोबत जेवत बसल्या होत्या. मधुकरभाऊ त्यांच्याच कंपनीत प्रॉम्प्टर. आडोशाला बसून पात्रांना संवाद सांगतो तो प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत आज हे नाटक तर उद्या ते, सगळं पाठ कोण करणार? मी हेडफोन बाईंच्या कानाला लावला. त्यांचा घास हातातच राहिला.

‘‘मडमले नोका सांगू, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘टेस्टच्या दिवशी काई पाठ नव्हतं, तं हे दारामागं उभे राह्यले. चोरीच झाली ना थे.’’

‘‘आणि आता?’’

‘‘आता तं झोपेतबी म्हनून देईन. तवापासून पाठच करून राह्यली ना मी.’’

इथेच घोडं अडलं होतं. सगळं तोंडपाठ झाल्यावर ऐकायचं काही उरलंच नव्हतं. मी त्यांना मुंबईच्या मुलीचं सांगितलं. मॅडमना न सांगता तर घरी जालच, सांगूनही कदाचित जाल, म्हटलं. मधुकरभाऊंनी हात धुतले. ‘‘मंग सांगूनच जाऊ,’’ ते म्हणाले.

मॅडमनी हेडफोन लावून ऐकलं. चेहरा उतरला. त्या पॉजवर त्यांनी आम्हा सगळ्यांना लेक्चर दिलं होतं.

‘‘म्हणजे मी जिला मनाची घालमेल समजत होते...’’

‘‘ते मधुकरभाऊ होते,’’ मी म्हटलं. वाटलं, आता मलाही सामान बांधावं लागणार.

मॅडमनी हेडफोन काढून मधुकरभाऊंकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘यांना परत बसवता येईल? आवाज न येऊ देता?’’

आता काम माझ्या खात्यातलं होतं. बातम्या देणाऱ्यांच्या कानात असतो तसा हरभऱ्याएवढा स्पीकर माझ्या पेटीत होता. तो बाईंच्या कॅमेऱ्यापलीकडच्या कानात बसवला, वरून पदर घेतला. मधुकरभाऊंना माईक देऊन धान्याच्या कोठीत बसवलं. मॅडमनी प्रसंगातली वाक्यं तिथल्या तिथे बदलली आणि बाईंना दाखवलीच नाहीत.

पहिला टेक वाया गेला. बाईंच्या कानात संवादाऐवजी कचकच येत होती. कोठीत जाऊन पाहिलं, तर भाऊंच्या तोंडात खर्रा, म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी. थुंकायला लावला.

दुसऱ्या टेकला भाऊंनी सवयीने कंसातल्या सूचनाही वाचल्या. ‘‘दाराकडे बघते. घाबरते.’’ वनिताबाईंची मान दाराकडे वळली. माझ्या हेडफोनमध्ये त्यांचा श्वास अडकलेला ऐकू आला. मग पॉज. मग हळूच वाक्य आलं, ‘‘मी काई पाह्यलं नाई.’’

‘‘कट,’’ म्हणून मॅडम उठल्या आणि त्यांनी आधी चहा मागितला. मग निर्मात्यांना फोन करून मुंबईच्या मुलीला येऊ नको म्हणून कळवायला सांगितलं. मी हेडफोन काढून भिंतीला टेकलो. बाई पदरात तोंड लपवून रडत होत्या, आणि हे कंसात लिहिलेलं नव्हतं.

पिक्चर चंद्रपूरला दाखवला तेव्हा एका गृहस्थांनी वनिताबाईंना विचारलं, एवढं दडपण चेहऱ्यावर आणता कसं?

‘‘आतून आवाज येते,’’ बाई म्हणाल्या. शेजारी मधुकरभाऊ तोंड भरलेलं असल्याने नुसतेच मान हलवत होते.

कलाकार अंतर्मनाचा आवाज ऐकून काम करतो म्हणतात. करत असेल. फक्त शॉटच्या आधी त्या आवाजाला खर्रा थुंकून यायला सांगावं.