आमटीत गूळ चालतो का, एवढंच विचारलं

ये, जवळ बस. दारात चप्पल घालून काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? नोएडाला राहायला गेलीस तर काकूचा फोनही उचलायचा नाही, असं ठरलंय का? मनात असंच रागावते मी तुझ्यावर. रागावायचा हक्क मला नाही, ते माहीत आहे. म्हणून लिहितेय.

आमच्या गाझियाबादच्या घरावरची बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, मी त्या पेटीमास्तरांना भाड्याने दिली, तेव्हा बीटचा हवालदार फॉर्म घेऊन आला होता. "माताजी, किरायेदार का वेरिफिकेशन करवा लो." मी म्हटलं, "अपना ही आदमी है भैया, मराठी है." तो हसला. "मराठी होना कोई आईडी प्रूफ है क्या?" मी त्याला चहा पाजला आणि फॉर्म ओट्याखालच्या खणात टाकला. माझं वेरिफिकेशन झालंच होतं की. गाव कुठलं, आडनाव काय, आमटीत गूळ चालतो का. चालतो म्हणाले. झालं.

दर सोमवारी ते सकाळीच फरिदाबादला जात. "जमिनीची केस आहे काकू, सही करावी लागते." मी डब्यात पोळीभाजी देत असे.

आणि तुझी लेक त्यांच्याकडे पेटी शिकायला यायची. तीही माझ्याच आग्रहाने, तिच्या कानावर मराठी पडेल म्हणून. त्या दिवशी ती दहा मिनिटांत खाली आली, माझ्याशेजारी बसून मटार सोलायला लागली. "आजी, मी रोज इथेच बसू?" मी म्हटलं, "नखरे पुरे. जा वर, सर थांबलेत."

ती गेली. मी पाठवलं म्हणून गेली.

संध्याकाळी तिने तुला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. मी तेव्हाही म्हणाले, आधी आपल्या मराठी मंडळात बोलू, आपलं नाव खराब होईल. तू चप्पल घालतच म्हणालीस, "काकू, कळल्यावर पोलिसांना न सांगणं हाही गुन्हा आहे. आणि नसता तरी मी गेलेच असते."

पोलीस ठाण्यात कळलं, ती सही जमिनीची नव्हतीच. मास्तर असल्याच एका केसमध्ये जामिनावर होते, दर सोमवारी हजेरी होती. मुलांना शिकवायचं नाही आणि पत्ता बदलला तर कळवायचं, अशी अट होती. कागदावर पत्ता जुनाच. साहेबांनी विचारलं, फॉर्म दिला होता? मी तुझ्यासमोर म्हटलं, "दिला होता, तुमच्याकडेच हरवला असेल."

नव्हता दिला गं. अजून खणातच होता, कोरा. भरला असता तर पोलीस दुसऱ्या दिवशी दारात आले असते.

गेल्या आठवड्यात ठाण्यात जाऊन खरं लिहून दिलं. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "पक्का, माताजी?" म्हटलं, बिल्कुल पक्का. कोर्टात विचारतील तर तिथेही सांगेन. पण ते पोलिसांना सांगणं झालं. तुझ्या लेकीला अजून कोणी सांगितलेलं नाही की ती नखरे करत नव्हती, चूक आजीची होती. ते मलाच सांगायचंय, तिला ऐकायचं असेल तर.

बरसातीला कुलूप आहे. तिला यायचं नसेल तर आग्रह करू नकोस, तू एकटी ये. पण लवकर ये गं.