आईची औषधं नदीत सोडली

मंडळी, आज आईचं तेरावं झालं. गेलेल्या माणसाची औषधं घरात ठेवू नयेत, वाहत्या पाण्यात सोडावीत, असं आमच्याकडे मानतात. म्हणून सकाळी सापगावच्या पुलाखाली भातसा नदीत निर्माल्याबरोबर तिच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल सोडल्या. पाकिटं फोडून, हात जोडून.

घरी येऊन तेराव्याला आलेल्या धाकट्या बहिणीला आणि मेहुण्यांना सांगितलं. तिचं सासर खाडीकाठी. मेहुणे खाडीत मासे धरतात. त्यांच्या पायाची जखम कधीची चिघळते आहे.

ती म्हणाली, "दादा, हे पाणी आमच्याच खाडीत येतं रे. डॉक्टर बोलले, पाण्यात औषधं जाऊन जाऊन जंतू सरावलेत. यांच्या जखमेला आता गोळी लागू पडत नाय."

मेहुणे हसले. "जाऊ दे गो. आमच्या खाडीतल्या चिंबोऱ्यांना ताप आला असंल, म्हणून दादाने औषधं धाडली."

सगळे हसले. मला त्यांच्या पायाकडे बघवेना.

मूठभर कॅप्सूलांनी खाडी नासत नाही, अशी मनाची समजूत घातली. पण आमच्याकडे प्रत्येक घर असंच मूठभर सोडतं, तेही पुण्य म्हणून. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, तेव्हा हात जोडायची लाज वाटली.

तुमच्याकडे गेलेल्या माणसाची औषधं कुठं जातात?