सदाफुलीचं औषध

मानेतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी वळ गावच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होते. मुंबईच्या इस्पितळात सलाइन सुरू झालं. त्यातलं एक औषध सदाफुलीपासून काढतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अंजूरला घरी आल्यावर मी ते सासूबाईंना सहज बोलले. आमच्या पडवीला लागून सदाफुलीच सदाफुली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हिरवट काढ्याचा पेला पुढे केला. "त्याच झाडाचा पाला हाय ना? मंग पी. एवढ्या लांब सुया टोचून घ्यायला कशाला जायचं?"

मी पेला घेतला. प्यायलेही असते, त्या दिवसांत कोणी काही हातात दिलं की मी घेत होते. रिक्षा बाहेर काढणाऱ्या नवऱ्यानं पाहिलं, पेला बाजूला ठेवायला लावला आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला. पलीकडून त्या ओरडल्याच, "अजिबात नको! पाला विषारी असतो. आम्ही त्यातलं औषध वेगळं काढून, मोजून देतो." सासूबाईंनी काढा मोरीत ओतला. दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या डोसांनंतर त्याच औषधानं माझ्या हातापायांच्या बोटांची टोकं बधिर झाली. चप्पल पायातून निघाली तरी कळायचं नाही. एका दुपारी मी भाकरी उलटत होते. जळल्याचा वास आला तो सासूबाईंना.

"अगं, हात काढ!"

बोट तव्याला टेकलं होतं. टरारून फोड आला. दुसऱ्या कुणाचं तरी बोट असावं तसं मी बघत राहिले.

"दुखत न्हाय तुला?"

"नाही."

त्या चुलीपाशीच मटकन बसल्या. "आन मी तुला तो काढा पाजनार होती," एवढंच म्हणाल्या. रडल्या. मला रडू आलं नाही.

उपचार संपले, रिपोर्ट चांगला आला. नवऱ्यानं आळीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला. आनंद व्हायला हवा होता, एवढं कळत होतं. गोडाऊनमध्ये परत गेले, पण स्टिकरचा कागद नखानं सुटेना, म्हणून मला बारकोड स्कॅनिंगला बसवलं.

ब्लाऊजचे हुकही लागत नाहीत. ड्युटीला निघायच्या आधी सासूबाई हात पुसत येतात, समोर उभ्या राहून हुक लावतात. पूर्वी आमचं फारसं पटायचं नाही. अजूनही बोलणं कमीच. मी मान वर करून उभी राहते.